पॉइंटचे कार्ड आणि वाढलेला रक्तदाब

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ओळखीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय त्रेचाळीस. कृषी सेवा केंद्राचे मालक असल्यामुळे आमच्याकडील रीतीप्रमाणे सगळे त्यांना सावकार म्हणतात. (गाव व काही तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्यास त्यांची संमती आहे.) तक्रारी नेहमीच्याच होत्या. छातीत जळजळ, रात्री झोप नाही, डोके जड. रक्तदाब १६०/१०४ भरला. मी ॲम्लोडिपिनची गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

पंधरा दिवसांनी रक्तदाब जवळपास तेवढाच. गोळी वाढवली, ईसीजी काढला, लातूरहून रक्त-लघवी तपासून आणली. त्यात काही निघाले नाही. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पत्नी सोबत आल्या. सावकार कंपाउंडरकडे वजन करायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दर महिन्याला गोव्याला कशाला जातेत ते ह्यांना जरा विचारा की. दुकानातला माल समदा उधारीवर आलाय, आन् हे म्हणतेत, आपल्याला तिथं खोली फुकट मिळते."

तंबाखूचे मी विचारले होते, दारूचे विचारले होते. जुगाराचे विचारायचे मात्र मला सुचले नव्हते. ही चूक माझी.

हळूहळू सगळे बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या विक्री योजनेत सावकारांनी टार्गेट पूर्ण केले. बक्षीस म्हणून गोव्याच्या पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री मिळाल्या. त्याच हॉटेलात कॅसिनो होता. काउंटरवर त्यांना एटीएमसारखे एक कार्ड विनामूल्य करून दिले. हे कार्ड मशीनमध्ये घालून खेळायचे. जितके खेळाल तितके पॉइंट जमतात आणि पॉइंटवर जेवण, पेय, खोली मिळते. पहिल्या खेपेला सावकारांनी चार हजार जिंकले. पंधरा दिवसांत मोबाइलवर संदेश आला की आपल्यासाठी खोली राखून ठेवली आहे. "डॉक्टरसाहेब, आयुष्यात कुणी इतक्या मानानं बोलावलं नव्हतं," असे ते म्हणाले. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

ते खेळत होते त्या यंत्राला व्हिडिओ पोकर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रे अमेरिकेत बाजारात आली. पडद्यावर पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते बदलून घ्यायचे, आणि शेवटी जो डाव जमेल त्याप्रमाणे पैसे. आपल्याकडील तिर्रट तीन पत्त्यांची, ही पाचांची, एवढे समजले तरी पुरे. तिर्रट खेळणाऱ्याला जोडी, कलर, सिक्वेन्स शिकवावे लागत नाहीत. म्हणूनच हे यंत्र आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटते, आणि पत्ते ठेवायचे-टाकायचे आपल्या हातात असल्यामुळे आपण डोके लढवून जिंकू असेही वाटते.

डोके थोडे चालते हे खरे, पण किती? एका प्रसिद्ध प्रकारच्या यंत्रात कलरला सहापट आणि तीन सारखे अधिक एक जोडी असेल तर नऊपट पैसे मिळतात. प्रत्येक पत्ता गणिताने अचूक ठेवला तर त्यात शंभर रुपयांचे साडेनव्व्याण्णव परत येतात. यंत्र तेच, पण पाटीवर नऊच्या जागी आठ आणि सहाच्या जागी पाच लिहिले की परतावा सुमारे सत्त्याण्णववर येतो. पाहणाऱ्याला फरक दिसतही नाही. आणि हा आकडा कधीही न चुकणाऱ्या खेळाडूचा. रात्री दोन वाजता, पोटात दोन पेग असताना कोण अचूक खेळणार?

शिवाय त्या परताव्यातले जवळजवळ दोन रुपये एकाच डावात अडकलेले असतात. एकाच रंगाचे दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का. बावन्न पत्त्यांतून पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारे येऊ शकतात आणि त्यांतले चारच प्रकार हे. पत्ते बदलण्याची सोय धरली तरी हा डाव सरासरी चाळीस हजार डावांत एकदा येतो. तासाला पाचशे डाव धरले तर ऐंशी तास झाले. तोपर्यंत आपण त्या दोन रुपयांशिवायच खेळत असतो.

आता पॉइंटचा हिशोब. तो मी सावकारांना प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर मांडून दाखवला. समजा डावाला शंभर रुपये, तासाला पाचशे डाव. म्हणजे तासाला पन्नास हजारांची उलाढाल. खिशात वीसच हजार असले तरी तेच पैसे फिरून फिरून पन्नास होतात. चुका धरून यंत्र शंभरातले पाच ठेवते असे मानले, तर तासाला अडीच हजार गेले. दोन दिवसांत वीस तास खेळले की उलाढाल दहा लाख, तोटा पन्नास हजार. कार्डावर पॉइंट जमतात ते उलाढालीवर. शंभराला पन्नास पैसे धरले तरी पाच हजार होतात. म्हणजे पन्नास हजार घेऊन पाच हजारांचे जेवणखाण परत, तेही रोख नाही. त्यातही रिकामी राहिलेली खोली हॉटेलच्या दृष्टीने वाया गेलेलीच असते. ती देण्यात त्यांचा खर्च चादरी धुण्याएवढा. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले होते. सावकारांनी कागदाकडे पाहिले आणि म्हणाले, "आठ खेपा झाल्या. चार लाख. बरोबर हाय तुमचं."

दुकानात ते पाच रुपयांच्या फरकावरून घाऊक व्यापाऱ्याशी भांडतात. बियाण्याच्या योजनेतली गोम त्यांना एका नजरेत कळते. मग इथे का कळली नाही? तर हा प्रश्न अकलेचा नाही, मेंदूच्या एका यंत्रणेचा आहे.

गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळणारे कबूतर दाणे बंद झाल्यावर लवकरच चोच मारणे सोडते. पण कधी पाचव्या, कधी पन्नासाव्या चोचीला दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाले तरी ते कितीतरी वेळ चोच मारतच राहते. बक्षीस केव्हा येईल हे ठाऊक नसले की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन त्या अपेक्षेनेच स्रवते. दुसरी गोष्ट हुकलेल्या डावाची. चार पत्ते जमले आणि पाचवा भलताच आला, तर तो डाव हरलेलाच असतो. पण २००९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात. माणूस उठत नाही तो यामुळे.

आपल्याकडे 'शेती म्हणजे जुगारच' असे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. पाऊस कुणी शेतकऱ्याच्या विरुद्ध बांधून ठेवलेला नसतो. ते यंत्र असते.

अशा रात्रीत शरीराचे काय होते? नाडी जलद, रक्तदाब वर, पोटात आम्ल, लघवी तासन्तास रोखलेली, जेवणाची वेळ टळलेली. मधुमेहींना मी विशेष सांगतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण चुकवले आणि वर मद्य घेतले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बडबड सुरू होते आणि आजूबाजूचे समजतात की चढली आहे.

एक गोष्ट कंपवाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे डोपामिनसारखे काम करतात. ती चालू असताना काही रुग्णांना, आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्यांनासुद्धा, जुगाराची अनावर ओढ लागते. २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. औषध कमी केले वा बदलले की ही ओढ बहुधा ओसरते. मात्र गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. ज्यांनी लिहून दिली त्यांना लगेच सांगावे. म्हातारपणी आजोबा लॉटरीची तिकिटे लपवू लागले तर त्यांच्यावर रागावण्याआधी गोळ्यांची पाकिटे पाहावीत.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत प्रथम नोंदवले. २०१३ साली त्याला दारू व अफूच्या व्यसनांच्या रांगेत बसवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. आपल्या पूर्वजांनी तो त्याहून फार आधी ओळखला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी स्वतःच बोलतो. सासू तिरस्कार करते, बायको दूर लोटते, आणि फासे पुन्हा बोलावतात, अशी त्याची कैफियत आहे. ते फासे बेहड्याच्या फळांचे असत, हाच बेहडा जो त्रिफळ्यात घालतात.

मटका आणि तिर्रटीला १८८७ चा मुंबईचा कायदा अजून लागू आहे. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात १९९२ पासून पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना आणि १९९६ पासून जहाजांवर पत्ते-रुलेटच्या टेबलांना मुभा आहे. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला, त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा असावाच. पण सावकारांचे गोव्यातले खेळणे पूर्ण कायदेशीर होते, त्याने रक्तदाब उतरला नाही.

घरच्या कुणाबद्दल शंका असेल तर दोनच प्रश्न विचारावेत. पूर्वीइतकीच मजा येण्यासाठी आता जास्त पैसे लावावे लागतात का? आणि किती लावले याबद्दल घरात खोटे बोलावे लागले आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर डॉक्टरांना भेटण्याइतके कारण आहे. प्रश्न चारचौघांत विचारू नयेत आणि आवाज चढवू नये.

सावकारांना मी तिसरा प्रश्नही विचारला, दार लावून. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का? असे विचारले तर तो विचार डोक्यात शिरतो अशी लोकांना भीती वाटते. ती खरी नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग मान हलवली. ज्याच्या गोदामात फवारणीची औषधे भरलेली आहेत अशा माणसाने मान हलवली की डॉक्टराला थांबता येत नाही. त्याच संध्याकाळी गोदामाची किल्ली धाकट्या भावाकडे गेली, पहिला महिनाभर त्यांना एकटे ठेवायचे नाही असे ठरले, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात घेऊन गेला. तिथे उदासीनतेसाठी औषध मिळाले आणि आठवड्याला बोलणे सुरू झाले. ओढ केव्हा लागते, तेव्हा काय करायचे, हरलेले पैसे परत मिळवायचा विचार कसा फसवा आहे, याचीच ती शिकवणी.

पैशाची व्यवस्था पत्नीने हातात घेतली. बँकेचे कार्ड त्यांच्याकडे, दुकानाचा गल्ला रोज रात्री दोघांनी मोजायचा. देणी एका वहीत लिहून काढली, एकही लपवायचे नाही. नवे कर्ज काढून जुने एकदम फेडावे असे मेहुण्यांचे म्हणणे पडले. मी विरोध केला, कारण देणे झटक्यात मिटले की खेळायला मन मोकळे होते. हॉटेलला लेखी कळवून कार्ड रद्द करून घेतले आणि तो नंबर मोबाइलवर बंद केला.

दिवाळीच्या पाडव्याला ते घसरले. नातेवाइकांच्या ओसरीवर तिर्रटीला बसले आणि अकराशे हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच येऊन सांगितले. असे घसरणे या आजारात होते. त्यावरून उपचार फुकट गेला असे समजू नये. आता रक्तदाब एका गोळीवर १३४/८६ आहे, झोप येते. देणे अजून पावणेदोन लाख आहे.

ज्यांना लातूर-नांदेडला जाणे आज शक्य नाही त्यांनी शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. हा फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. विष्णुपुरीच्या नांदेड शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे. चाकूर परिसरातील कुणी मला येऊन भेटले तरी चालेल. संध्याकाळी सातनंतर गर्दी कमी असते.