दर्शनानंतरचा विसावा

देवदर्शन झाले की मंदिरातून लगेच बाहेर पडू नये, क्षणभर टेकावे आणि मग निघावे, अशी आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. पायरीवर, ओवरीत, सभामंडपातील खांबाशी किंवा पारावर, जेथे जागा मिळेल तेथे दोन मिनिटे स्वस्थ बसायचे आणि मग कळसाकडे पाहून हात जोडून चालू लागायचे. वडीलधारी मंडळी हे मुलांना आवर्जून शिकवीत. घाईने आलेले मन घाईनेच परत जाऊ नये, एवढा साधा हेतू त्यामागे असावा.

नाशिक क्षेत्री येणाऱ्या भाविकांचा दिवस मात्र फार धावपळीचा असतो. पहाटे रामकुंडावर स्नान, मग काळाराम व सीतागुंफा, दुपारी त्र्यंबकेश्वर आणि मुक्कामाला शिर्डी किंवा वणी, असा कार्यक्रम गाडी ठरविताना आधीच आखलेला असतो. गाडीचालक घड्याळ दाखवितो, रांगेत लहान मुले कंटाळतात, चपला जागेवर असतील ना ही काळजी दर्शनाच्या क्षणीही सुटत नाही. दर्शन होते, विसावा राहून जातो. वास्तविक पाहता अनेकजण क्षेत्री येतात ते विसाव्यासाठीच. कोणी आप्ताच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आलेला असतो. विसर्जन होते, दक्षिणा दिली जाते, आणि त्यानंतर काय करावे हे त्या कुटुंबाला सुचत नाही. अशा वेळी घाटाच्या पायरीवर, नदीकडे तोंड करून निवांत बसता येणे ही फार मोठी गोष्ट असते. म्हणून या क्षेत्रातील काही शांत स्थळांचा आणि ती स्थळे कशी निर्माण झाली याचा परिचय येथे करून दिला आहे.

प्रारंभ कपालेश्वरापासून करणे उचित ठरेल. रामकुंडाजवळ पायऱ्या चढून गेल्यावर हे शिवमंदिर लागते. येथे महादेवासमोर नंदी नाही, हे बहुतेक भाविकांना ठाऊक असते. त्यामागील आख्यायिका मात्र पुरती ऐकलेली नसते. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्यामुळे शंकरास ब्रह्महत्येचे पातक लागले. त्या पातकाने अस्वस्थ होऊन तो त्रैलोक्य फिरला, पण कोठेही मनःशांती लाभेना. अखेर सोमेश्वर येथे असताना त्याच्या कानी एका गाईचा व तिच्या वासराचा संवाद पडला. त्या वासरालाही मालकाच्या हत्येचे पातक लागून ते काळे पडले होते. परिहाराचे स्थान त्याला माहीत होते. त्याने गोदावरीत स्नान केले आणि ते पूर्ववत शुभ्र झाले. शंकराने त्याच्या मागोमाग येऊन स्नान केले व तो पातकमुक्त झाला. ते वासरू म्हणजे नंदी. त्याने मार्ग दाखविला म्हणून शंकराने त्यास गुरू मानले आणि गुरूने आपल्यासमोर सेवकासारखे बसू नये, असे सांगितले. प्रत्यक्ष महादेवालाही दुःखभार उतरविण्यासाठी एक जागा शोधावी लागली आणि ती येथे सापडली, हा या कथेतील भाग थकून आलेल्या माणसाला धीर देणारा आहे.

काळाराम मंदिरात भाविकांचे लक्ष साहजिकच गाभाऱ्यातील श्रीराम, सीता व लक्ष्मणाच्या मूर्तींकडे असते. परंतु सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मंदिर बांधविताना केवळ गाभारा आणि शिखर यांवरच खर्च केला नाही. मंदिराभोवती उंच तट आहे, तटाच्या आतील बाजूस कमानींच्या ओवऱ्या आहेत आणि समोर चाळीस खांबांचा सर्व बाजूंनी मोकळा सभामंडप आहे. पुराण, कीर्तन ऐकणाऱ्यांनी आणि लांबून चालत आलेल्यांनी बसावे कोठे, याचा विचार आधीच झालेला होता. दगड रामशेजच्या डोंगरातील; काळा, घट्ट आणि सावलीत गार राहणारा. दुपारी गर्दी ओसरल्यावर ओवरीत पाठ टेकून बसले, तर तटाबाहेरील पंचवटीचा गलबला बराच दूर गेल्यासारखा वाटतो.

या वास्तूचा परिचय देताना आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य ठरते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि तो जवळजवळ पाच वर्षे चालला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी त्याची धुरा वाहिली. चाळीस खांबांचा मंडप सर्व बाजूंनी मोकळा होता, पण महाद्वार सर्वांसाठी मोकळे नव्हते. आज त्या ओवरीत कोणीही बसू शकतो. ते सहजासहजी झालेले नाही, हे तेथे बसणाऱ्याने जाणावे.

पंचवटीतून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेस दीड-दोन किलोमीटर गेले की तपोवन लागते. येथे कपिला नदी गोदावरीस मिळते. नदीपात्रातील काळ्या खडकात गुंफा कोरलेल्या आहेत. शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने येथेच छेदले आणि त्या नासिकेवरून गावाचे नाव पडले, अशी परंपरागत समजूत आहे. परंतु तपोवनाचे खरे वैभव म्हणजे तेथील सावली. वन नावापुरतेच उरावे असे कोणासही वाटत नाही, याचा प्रत्यय २०२५ च्या नोव्हेंबरात आला. २०२७ च्या सिंहस्थात साधुग्रामासाठी जागा मोकळी करण्याकरिता येथील झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे येताच शाळकरी मुलांपासून ज्येष्ठ नागरिकांपर्यंत अनेकजण त्या झाडांखाली जमले आणि त्यांनी विरोध नोंदविला. सिंहस्थाला येणाऱ्या साधूंची सोय झालीच पाहिजे. मात्र तपोवनात येणाऱ्या साधूला झाडाखालची जागा मंडपातील जागेपेक्षा कमी मोलाची वाटेल, असे म्हणवत नाही.

शहराच्या दुसऱ्या अंगाला, गंगापूर रस्त्यावर, आख्यायिकेतील ते सोमेश्वर आहे. महादेवाचे मंदिर, भोवती मोठी झाडे आणि शेजारून वाहणारी गोदावरी. जवळच नदीचा धबधबा असून पावसाळ्यात तेथे फार गर्दी होते. शांतता हवी असणाऱ्यांनी ते दिवस टाळून हिवाळ्यातील सकाळ निवडावी. सोमेश्वरापासून थोडे पुढे गोवर्धन हे गाव आहे. गाव लहान आहे, पण त्याचे नाव एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दगडावर कोरलेले सापडते. तो दगड पाहण्यासाठी पांडवलेण्यांकडे वळावे लागते.

पांडवलेणी शहराच्या नैऋत्येस सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत. नाव पांडवांचे असले तरी ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत आणि ज्या डोंगरात ती आहेत त्याचे शिलालेखातील नाव त्रिरश्मी असे आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमण थांबवून एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम. आपल्याकडील संन्याशांच्या चातुर्मासाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. लेण्यांची तोंडे उत्तरेकडे असल्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा असतो. ही दिशा निवडणाऱ्यांना आसऱ्याचे मर्म कळले होते, यात शंका नाही.

दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेले आहे. तेथील एका लेखात ४२ व्या वर्षी वैशाख महिन्यात केलेल्या दानाचा तपशील आहे आणि तो देणगीदारांनी मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. लेणे देऊन उषवदात थांबला नाही. त्याने त्यासोबत ३,००० कार्षापण ठेवले आणि या ठेवीला लेखात ‘अक्षयनीवी’ असे म्हटले आहे. रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे गुंतविली: एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, असे स्पष्ट नमूद आहे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजे नेमके २४०. एक कार्षापणही कमी नाही की जास्त नाही. दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून इतर किरकोळ खर्च भागायचा. शिवाय हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदविले गेले, असेही लेख सांगतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आजच्या एखाद्या न्यासाने कायम ठेवीचे कागद दाखवावेत, तसा हा कागद आहे. दगडावर असल्याने गहाळ झाला नाही इतकेच.

त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात उषवदाताच्या इतर दानांची यादी आहे. त्याने ब्राह्मणांना दिले आणि भिक्षूंनाही दिले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि सोपारा, या ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामस्थाने बांधली. तापी, दमण आदी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर बसण्यासाठी सभा व प्रपा, म्हणजे पाणपोया उभारल्या. यादीत ‘आराम’ हा शब्दही येतो. तेथे त्याचा अर्थ बाग असा आहे. विसावा या अर्थाचा आपला रोजचा आराम फारसीतून आलेला आहे. हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले, तरी झाडाखाली बसलेल्या माणसाला त्यांतील फरक फारसा जाणवणार नाही.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला व ही भूमी त्याच्याकडे आली. येथे या डोंगराची कथा संपली असती तर नवल नव्हते. परंतु तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर त्याच्या २४ व्या राज्यवर्षातील एक आज्ञा आहे. तीत राजाबरोबर राजमातेचाही उल्लेख आहे. पूर्वी भिक्षूंना काखडी गावचे शेत दिले होते. ते शेत आता कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी, असे गोवर्धन येथील अधिकाऱ्यास कळविले आहे. दिलेल्या दानाचे पुढे काय झाले, त्यातून खरोखरच काही उत्पन्न निघते की नाही, याची चौकशी एका राजाने आणि त्याच्या आईने केली. राज्य बदलले, राजघराणे बदलले, वर्षावास चालू राहिला.

आज क्षेत्रोक्षेत्री देणगीदारांचा ओढा घंटा, संगमरवरी फरशी, चांदीची प्रभावळ आणि नावाची पाटी यांकडे अधिक असतो. ती श्रद्धा आदरणीय आहे. पण झाडाला पहिली तीन वर्षे पाणी घालण्यासाठी, ओवरी रोज झाडण्यासाठी, पाणपोईचा माठ घासण्यासाठी, अंध किंवा वृद्ध भाविकाला पायरीवरून हात धरून नेणाऱ्या सेवेकऱ्याच्या पगारासाठी ठेव ठेवणारा देणगीदार विरळा. अशा कामाची पाटी कोठे लावायची, हा प्रश्न पडत असावा. बाकडे दिले जाते आणि ते भर उन्हात ठेवले जाते. त्यावर दात्याचे नाव दुपारभर तापत राहते, बसत मात्र कोणी नाही. त्यापेक्षा ते बाकडे एखाद्या कडुनिंबाखाली ठेवले आणि त्या कडुनिंबाची तजवीजही सोबत केली, तर उषवदाताचा हिशेब पुन्हा जुळेल.

ज्यांना एक दिवस अधिक राहता येईल, त्यांनी पुणे रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवरील सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर अवश्य पाहावे. यादवकालीन असे हे शैव पंचायतन आहे. मध्यभागी महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान मंदिरे, भोवती विस्तीर्ण प्राकार. येथे रांग सहसा नसते.

पांडवलेण्यांना जायचे असल्यास सकाळी लवकर निघावे. पायथ्यापासून सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. त्या एका दमात चढण्याचा आग्रह धरू नये. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, वयस्क भाविकांनी काठी जवळ ठेवावी. लेणी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असून शिलालेखांना हात लावू नये, त्यांवर पाणी अथवा खडू फिरवू नये. लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. त्यांत निर्माल्य, नाणी किंवा खाद्यपदार्थ टाकू नयेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत बसले असता खालून महामार्गाचा आवाज येत राहतो, पण थोड्या वेळाने त्याकडे लक्ष जात नाही. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला, शहराच्या पलीकडे, चांभारलेण्यांची टेकडी दिसते आणि तिच्याही मागे, ज्याच्या दगडाने काळारामाच्या ओवऱ्या उभ्या राहिल्या, तो रामशेज.