करारात गवताचं नाव लिहा

पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या माथ्यावर आमच्या गायरानालगत मुरमाची खाण होती. उपसा संपल्यावर जमीन सपाट केली, ओळीने खड्डे घेतले आणि गिरिपुष्प लावलं. तिसऱ्या वर्षी तपासणी झाली. गावातर्फे मी हजर होतो. झाडं मोजली, बहुतेक जगलेली होती, काम उत्तम असा शेरा पडला. त्याच हंगामात मेंढपाळ कळप घेऊन आले आणि न थांबता पुढे गेले. झाडांखाली चरण्याजोगं गवतच नव्हतं. गिरिपुष्पाला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून ते जगतं. आणि म्हणूनच गायरानाला ते पुरत नाही.

ठेकेदाराने करारातलं सगळं पाळलं होतं. करारात फक्त झाडांची संख्या होती. कुठल्या जाती, किती जाती, गवत कोणतं, यावर एक ओळही नव्हती.

आमच्या बीड जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. पण खाण कोळशाची असो की मुरमाची, वरची माती गेली की प्रश्न एकच: तिथे पुन्हा काय उगवणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलं, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चाऱ्याला, वनस्पतींना आणि प्राण्यांना योग्य करण्याची अट खाणपट्ट्यात असावी. अमेरिकेत कोळसा खाणींसाठी 1977 चा कायदा आहे. त्यानुसार खाणीच्या जमिनीवर पुन्हा आणलेलं वनस्पतींचं आच्छादन विविध जातींचं, टिकाऊ आणि स्वतःच्या बळावर पुन्हा उगवणारं असावं लागतं. एरवी ते टिकवण्याची कंपनीची जबाबदारी 5 वर्षांची. पण जिथे वर्षाला 26 इंच, म्हणजे सुमारे 660 मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, तिथे 10 वर्षांची. बीडचा सरासरी पाऊस याच घरातला. आपण मात्र तीन वर्षांत हात झटकतो.

म्हणून ज्यांच्या गावात खाण सुरू होणार आहे, त्यांना माझं सांगणं असं.

आधी जमीन पुन्हा कशी व्हायला हवी, याचा नमुना ठरवा. खाणीशेजारचा न खोदलेला उतार घ्या. तसा उरला नसेल, तर नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूची माळरानं पाहा. सप्टेंबरात, गवत फुलोऱ्यावर असताना, जाणत्या गुराख्याला बरोबर घेऊन यादी करा: पवन्या, मारवेल, कुसळी, तरवड, करवंद, हिवर, खैर, बोर, पळस, धावडा. ही यादी कराराला जोडा.

मग अटी लिहा. यादीतल्या निदान निम्म्या जाती तपासणीत दिसल्या पाहिजेत. गवत, झुडूप, झाड असे तिन्ही थर हवेत. एकाच जातीची झाडं एकूण झाडांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नकोत. वेडी बाभूळ आणि घाणेरी गणतीत धरू नका, वाढली तर काढून घ्या. वरची माती वेगळी राखून शक्य तितक्या लवकर परत पसरवा. गवताचं बी तिच्यातच असतं आणि ढिगाऱ्यात फार काळ राहिलं तर मरतं.

तपासणी टँकरचं पाणी बंद केल्यानंतर, एक कोरडा उन्हाळा सोसल्यावरच करा. आपलं आपण पडलेल्या बियांतून नवी रोपं आलीत का, हे पाहा. जमीन जिवंत झाल्याची ती खरी खूण आहे.

देशी रोपं आपल्याकडे तगत नाहीत, असं कोणी म्हणालं तर त्याला बीडजवळच्या पालवणला न्या. तिथल्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई या संस्थेने देशी झाडं वाढवली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तिथेच वृक्ष संमेलन भरलं.

खाण सुरू झाल्यावर गावाचं कोणी ऐकत नाही. खाणीसाठी गावाचा ठराव मागायला माणसं येतात तेव्हाच गावाचा शब्द वजनदार असतो. ही यादी आणि या अटी त्याच दिवशी ठरावात लिहून घ्या.