परिचर्या संशोधन : पूर्वसाहित्याच्या आढाव्यासाठी संदर्भांचा शोध

परिचर्याशास्त्रातील संशोधन प्रकल्पाचा पाया म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा होय. मिळतील तेवढे लेख गोळा करणे म्हणजे आढावा नव्हे. निश्चित प्रश्नाचे उत्तर देणारे पुरावे पद्धतशीरपणे शोधणे त्यात अभिप्रेत असते. कमी वजनाच्या नवजात बालकांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'कांगारू मदर केअर'च्या उदाहरणावरून ही प्रक्रिया समजून घेता येईल. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत बालकाला मातेच्या छातीशी त्वचास्पर्शाने ठेवले जाते.

प्रश्नाची मांडणी : प्रश्नाचे चार भाग करावेत. रुग्णगट – कमी वजनाची बालके. परिचर्या – जन्मानंतर लगेच सुरू केलेली कांगारू मदर केअर. तुलना – प्रकृती स्थिरावल्यानंतर सुरू केलेली परिचर्या. परिणाम – पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू.

शोधशब्द : प्रत्येक भागासाठी समानार्थी इंग्रजी शब्दांची यादी करावी. 'कांगारू मदर केअर' आणि 'स्किन टू स्किन कॉन्टॅक्ट' यांसारखे समानार्थी शब्द 'ऑर'ने, तर वेगवेगळे भाग 'अँड'ने जोडावेत. पहिल्याने शोध विस्तारतो, दुसऱ्याने तो नेमका होतो.

स्रोत : अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे 'पबमेड' विनामूल्य आहे. 'सिनाल' खास परिचर्या विषयासाठी आहे, मात्र ते सशुल्क आहे. पद्धतशीर आढाव्यांसाठी 'कॉक्रेन लायब्ररी', तर भारतीय प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' उपयुक्त ठरते. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी समाविष्ट करण्यात आली. इतर संस्थांतील विद्यार्थ्यांनी 'पबमेड सेंट्रल'वरील विनामूल्य पूर्ण लेखांपासून सुरुवात करावी.

निवड : संदर्भाचे वर्ष पाहणे अत्यावश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार बालकाची प्रकृती स्थिरावल्यावर ही परिचर्या सुरू करावयाची होती. भारतासह पाच देशांत ३,२११ बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीच्या गटात १५.७ टक्के, तर परिचर्या लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के आढळले. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरुवात करण्याची शिफारस केली. कृत्रिम श्वसनावरील किंवा शॉकमधील बालकांचा मात्र अपवाद ठेवला. केवळ २०१५ पर्यंतच्या संदर्भांवर थांबणारा आढावा कालबाह्य परिचर्येचा पुरस्कार करील.

नोंद : कोणत्या स्रोतात, कोणत्या दिवशी, कोणते शब्द वापरून शोध घेतला, किती लेख मिळाले व किती कोणत्या कारणाने वगळले, हे लिहून ठेवावे. त्यामुळे दुसऱ्या संशोधकाला तोच शोध पडताळून पाहता येतो. परिचारिकेच्या हातून होणारी सेवा पुराव्यावर आधारलेली असावी, हा या सर्व परिश्रमांचा हेतू आहे.