ब्लूटूथ आणि आपला पीसी : ओळख झाली, पुढे काय?

होस्टेलवर मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "पेअर तर झालंय, मग चालत का नाही?" उत्तर सोपं आहे. पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची फक्त ओळख. ओळखीनंतर कोणतं काम करायचं ते 'सर्व्हिस' ठरवते, आणि ती वेगळी सुरू करावी लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. या तंत्रावर १९९४ मध्ये एरिक्सन कंपनीत काम सुरू झालं. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून त्याला नाव मिळालं. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तिथेच वाय-फायचीही गर्दी असते, म्हणून क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत राहतं. आता रोजच्या उपयोगाच्या चार सर्व्हिसेस पाहू.

१) फाईल : फोनवरून पाठवलेली फाईल पीसी आपोआप घेत नाही. विंडोजमध्ये खाली घड्याळाजवळच्या ब्लूटूथ चिन्हावर राईट क्लिक करून 'रिसीव्ह अ फाईल' उघडा, मगच फोनवरून पाठवा.

२) आवाज : गाणी ऐकताना हेडसेट स्टिरिओ सर्व्हिस वापरतो. ती एकाच दिशेने चालते. माईक चालू झाला की क्लासिक ब्लूटूथ 'हँड्स-फ्री' सर्व्हिसवर जातं आणि आवाज एकदम फोनसारखा होतो. ऑनलाईन इंटरव्ह्यू असेल तर माईक म्हणून लॅपटॉपचाच माईक निवडा, कानाला हेडसेट राहू द्या. समोरच्याला तुमचं उत्तर नीट ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर केलेला अभ्यास वाया!

३) इंटरनेट : वीज गेली, वाय-फाय बंद, आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख! अशा वेळी फोनमध्ये 'ब्लूटूथ टेदरिंग' चालू करा आणि पीसीवरून त्या नेटवर्कला जोडा. वेग कागदोपत्री फार तर ३ मेगाबिट, पण फॉर्म भरायला पुरतो. हॉटस्पॉटपेक्षा बॅटरीही कमी खातो.

४) सिरियल पोर्ट : ही खरी आपल्या, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या कामाची. आपला गोंदिया धानाचा जिल्हा. समजा, धानाच्या गोदामातील तापमान आणि आर्द्रता लॅपटॉपवर पाहायची आहे. सेन्सर, आर्डुइनो आणि एचसी-०५ मॉड्यूल एवढ्यात काम होतं. विंडोज ११ मध्ये मॉड्यूल दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी' हा पर्याय 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा. पिन बहुधा १२३४ असतो. पेअर झाल्यावर 'मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज'मधील 'कॉम पोर्ट्स'मध्ये 'आऊटगोइंग' पोर्टचा नंबर पाहा आणि तोच सिरियल मॉनिटरला द्या. वेग साधारणतः ९६०० बॉड.

दोन गोष्टी विसरू नका. मॉड्यूलची आरएक्स पिन ३.३ व्होल्टची आहे आणि आर्डुइनो उनो देतो ५ व्होल्ट. म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर लावा. दुसरं, अंतराचा हिशोब मोकळ्या जागेतला १० मीटर धरू नका. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. ओलसर धानाची पोती आणि मधे उभी माणसं, दोन्ही रेंज कमी करतात. चाचणी भरलेल्या गोदामातच घ्या.

शेवटी सुरक्षितता. होस्टेलच्या एका मजल्यावर पन्नास उपकरणं असतात. अनोळखी पेअरिंग विनंती स्वीकारू नका. दोन्ही पडद्यांवरचे सहा आकडे जुळतात का ते बघूनच 'येस' म्हणा. प्रोजेक्टमधला १२३४ पिन बदला, नाहीतर शेजारच्या खोलीतला कोणीही तुमच्या मॉड्यूलला जोडला जाईल. अपडेटही टाळू नका. २०१७ मध्ये उघड झालेल्या 'ब्लूबॉर्न' त्रुटींमध्ये पेअरिंग न करताही हल्ला शक्य होता, ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. म्हणून काम झालं की बंद करा.

पुढच्या वेळी 'कनेक्टेड' दिसूनही काम होत नसेल, तर पेअरिंग पुसण्याआधी एकच प्रश्न विचारा : मला हवी असलेली सर्व्हिस चालू आहे का?