वितळणारी तार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिक अंकासाठी कला शाखेच्या विद्यार्थ्याने कविता द्यावी किंवा ललित लेख द्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. फ्यूजवर लेख देतो म्हटल्यावर मित्र हसले. "हे शास्त्र शाखेवाल्यांचं काम," असे एकाने सुनावलेही. परंतु वीज काही शाखा विचारून घरात येत नाही. शिवाय या एवढ्याशा तारेने मला एक धडा दिला आहे. तो आपल्यापुढे मांडावा, असे मनापासून वाटते.

आमचे गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. आई-अण्णा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात. मी बारावीला होतो त्या वर्षी घरी आजी आणि मी दोघेच होतो. दोन खोल्यांचे घर. आतल्या खोलीत वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेने भरून ठेवलेला. थंडीचे दिवस होते. पाणी तापवायचा रॉड आणि विजेची शेगडी एकदम लावली की फ्यूज उडायचा. घरात शिकलेला मी एकटा, म्हणून फ्यूज बसवण्याचे काम माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी मी कंटाळलो. मोटारीच्या केबलमधली तांब्याची जाड तार काढली आणि दुहेरी पीळ देऊन फ्यूजमध्ये घातली. फ्यूज उडायचा थांबला. आजी कौतुकाने म्हणाली, "शिकल्याचा उपयोग झाला बघ."

चार दिवसांनी सकाळी आजीच म्हणाली, "आरं, रबर जळल्यावानी वास कशाचा यायलाय?" वर पाहिले तो आढ्याजवळ वायरचा जुना जोड काळा पडून धुरत होता आणि त्याच्या बरोबर खाली कापूस होता. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आजीने जोडाखालचा कापूस दोन्ही हातांनी ओढून अंगणात फेकला. आणखी थोडा वेळ गेला असता तर वर्षाची कमाई आणि घर दोन्ही गेले असते. गावातल्या एका निवृत्त वायरमनकाकांनी फ्यूज उघडून माझी तार पाहिली आणि एवढेच म्हणाले, "लेकरा, फ्यूज उडायचा थांबला, तवाच भ्यायला पाहिजे होतं."

त्या वाक्याचा अर्थ शोधता शोधता मी जे शिकलो, तेच पुढे देत आहे.

फ्यूज म्हणजे काय?

पाठ्यपुस्तकात फ्यूजला 'वितळतार' असा सुंदर शब्द आहे. तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. घरातील सर्व वायरिंगमध्ये एक जागा मुद्दाम दुबळी ठेवायची, म्हणजे प्रवाह वाढला तर तीच आधी वितळेल आणि वाट तुटेल, ही त्यामागची कल्पना. एडिसनने १८९० मध्ये अमेरिकेत फ्यूजच्या बैठकीचे पेटंट घेतले होते. आपल्याकडच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्येही, ज्याला दुकानदार 'किटकॅट' म्हणतात, तेच तत्त्व आहे.

फ्यूज उडण्याची कारणे मुख्यतः दोन. एक म्हणजे शॉर्टसर्किट. यात फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात आणि तार क्षणात जाते. दुसरे कारण जादा भार. माझ्या घरचे गणित पाहा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आपला पुरवठा २३० व्होल्टचा. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, २००० वॅटची शेगडी पावणेनऊच्या आसपास. दोन्ही मिळून १५ अँपिअरच्या वर जातात आणि फ्यूजची तार होती ५ अँपिअरची. पुडीवर ५ लिहिले म्हणून तार ५ ला लगेच वितळत नाही. प्रवाह साधारण दुपटीच्या जवळ जावा लागतो. म्हणून नुसता रॉड चालत होता, शेगडी लावली की तार जात होती. ती बिचारी रोज सांगत होती की, या वायरीवर हे ओझे नको. मी तिचे तोंड बंद केले. मग दुबळी जागा उरली ती आढ्याजवळच्या जोडाची.

फ्यूज कसा बसवावा?

प्रथम मेन स्विच बंद करावा. हात कोरडे असावेत आणि पायात चप्पल असावी. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरीत वीज असतेच. तिकडे हात लावू नये. नंतर फ्यूज का उडाला हे शोधावे. शेवटी कोणते उपकरण लावले होते, कोठे वास किंवा काळा डाग आहे का, ते पाहावे. कारण न शोधता तार बदलणे म्हणजे ताप न पाहता अंगावर पांघरूण घालणे होय.

मग फ्यूज ओढून काढावा, वितळलेल्या तारेचे तुकडे झाडावेत आणि योग्य जाडीची नवी तार घालावी. ही तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असते. ५ अँपिअरची तार ०.२ मिलिमीटर, १० ची ०.३५, १५ ची ०.५ आणि ३० ची ०.८५ मिलिमीटर जाड असते. एकच पदर घ्यावा. तो फार ताणू नये, स्क्रू आवळताना कापू नये. फ्यूज जागेवर बसवून मगच मेन स्विच चालू करावा. तार पुन्हा लगेच उडाली तर दोष अजून आत आहे असे समजून थांबावे व जाणकाराला बोलवावे.

नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असते. तिचा खटका आपोआप पडतो. ती वारंवार पडते म्हणून मोठ्या आकड्याची बसवणे ही माझ्या जाड तारेचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

जीप आणि ट्रॅक्टर

मोटारगाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिचा झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देऊ शकते आणि वायरिंग पेटते. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ९ अँपिअरच्या वर घेतात. जुन्या जीप-ट्रॅक्टरमध्ये काचेच्या नळीतले फ्यूज असत. आता रंगीत पात्यांचे असतात. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. चावी काढावी, झाकणावरचा नकाशा पाहावा, आतली पट्टी तुटलेला फ्यूज काढून त्याच रंगाचा नवा घालावा. आमच्याकडे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवतात. गाडी तालुक्याला पोचतेही. पण तेव्हा ती फ्यूजशिवायच धावत असते.

फ्यूज काय करत नाही?

आता सर्वांत महत्त्वाचे. फ्यूज माणसाला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. ५ अँपिअर म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी प्रवाहाने जाऊ शकतो. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी लागते. ओल्या अंगाने मोटारीला हात लावणाऱ्याला "फ्यूज आहे की" हा भरवसा उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट गावच्या डीपीची. परळीला औष्णिक वीज १९७१ पासून तयार होऊ लागली. वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण आले. पण रात्री पाण्याची पाळी असताना लाईट गेली की शेतकरी अजूनही काठी घेऊन स्वतःच डीपीकडे निघतो. तेथे वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात. तो फ्यूज आपला नव्हे. घरात फ्यूज बसवता आला म्हणून डीपीवर चढण्याचा अधिकार मिळत नाही. पीक एक पाळी तहानलेले राहील, वायरमनची वाट पाहावी.

उन्हाळ्यात आई-अण्णा परत आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. अण्णा रागावले नाहीत. काळा झालेला जोड बराच वेळ पाहत राहिले. त्यांना अक्षरे येत नाहीत. म्हणून ५ अँपिअरच्या तारेच्या पुडीला लाल दोरा बांधून ती मेन स्विचशेजारी खिळ्याला अडकवली आहे आणि तार कशी घालायची ते त्यांना हाताने करून दाखवले. आता मी वसतिगृहात असलो तरी घरी फ्यूज बरोबर बसतो. रॉड आणि शेगडी एका वेळी लावायची नाही, हा नियम मात्र आजीने केला आहे.

वाचकांना एकच विनंती. सुट्टीत घरी गेलात की मेन स्विच बंद करून आपला फ्यूज एकदा उघडून पाहा. तेथे जाड तार दिसली तर ती काढून टाका. एवढे जरी झाले तरी या लेखाचे सार्थक झाले, असे मी समजेन.