सारे उपाय थकल्यानंतर

ज्या मनुष्याने विडी किंवा सिगारेट सोडण्याचा प्रयत्न एकदाही केलेला नाही, त्याला उपदेश करणे तुलनेने सोपे असते. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि 'पाहू या' म्हणतो. प्रस्तुत प्रकरणात आपल्याला विचार करावयाचा आहे तो निराळ्या मनुष्याचा. याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलेली असते. नवस बोलून पाहिलेला असतो. लवंग, वेलदोडा, बडीशेप चघळून झालेली असते, औषधाच्या दुकानातून निकोटीनयुक्त च्युइंगगम आणून तेही दोन दिवस खाऊन झालेले असते. एवढे करून तो पुन्हा पानाच्या गादीपाशी उभा असतो, आणि आपल्यातच काही उणे आहे अशी त्याची जवळजवळ खात्री झालेली असते.

असा मनुष्य कोठेही भेटेल; पण आपण त्याला झोटवाड्यात पाहू या. झोटवाडा हा जयपूर शहराच्या वायव्येकडील भाग होय. लहानमोठे कारखाने, गोदामे आणि त्यांच्या आधाराने वाढलेली दाट वस्ती असे त्याचे स्वरूप आहे. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीला जयपुरात 'थडी' म्हणतात. पाळी सुटली की कामगार थडीवर येतो, चहा मागवतो आणि चहाबरोबर विडी शिलगावतो. शेजारी बसलेल्यापुढे विडीचा जुडगा करणे हा तेथे शिष्टाचाराचाच भाग समजला जातो. राजस्थानात तंबाखू ओढण्याचे प्रमाण महाराष्ट्राहून पुष्कळच अधिक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राजस्थानातील प्रौढांपैकी १३.२ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. महाराष्ट्रात हाच आकडा ३.८ टक्के होता. मराठी वाचकाने यावरून समाधान मानण्याचे मात्र कारण नाही, कारण त्याच पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे, मळणारे किंवा मशेरी लावणारे निघाले. व्यसन एकच, एकाने ते धुरावाटे घेतले, दुसऱ्याने दाढेखाली धरले, एवढाच काय तो फरक.

विडी लहान म्हणून तिचे व्यसनही लहान, अशी एक समजूत आहे. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. सिगारेटच्या मानाने ती पाव हिश्शाइतकीच भरते. परंतु तेंदूचे पान कागदासारखे आपणहून जळत राहत नाही, आणि झुरका थांबला की विडी विझते. ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारा भराभर आणि खोल झुरके घेतो, त्यामुळे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड ही तिन्ही त्याच्या वाट्याला भरपूर येतात. भारतातील मृत्यूंचा जो मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटलेले दिसले. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत ही घट सुमारे १० वर्षांची होती.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. प्रयत्न फसतो तो का?

निकोटीन झुरक्याबरोबर अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण दर दोन तासांनी साधारण निम्म्यावर येते. नित्य ओढणाऱ्याच्या मेंदूने या चढउताराशी जुळवून घेतलेले असते, आणि पुरवठा थांबताच तो तक्रार करू लागतो. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात चित्त न लागणे आणि भूक वाढणे ही त्या तक्रारीची लक्षणे होत. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वांत तीव्र असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. कोणतेही साहाय्य न घेता, केवळ निर्धाराच्या बळावर सोडणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षाच्या अखेरीस तीन ते पाच जणच धूम्रपानापासून दूर राहिलेले असतात, आणि घसरणाऱ्यांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच घसरतात. हा आकडा नीट लक्षात घ्यावा. जो उपाय शंभरांतील पंचाण्णवांना अपुरा पडतो, तो आपल्यालाही अपुरा पडला, यात स्वभावदोष शोधत बसण्याचे काय कारण?

मराठीत आपण 'त्याची विडी सुटली' असे म्हणतो आणि 'त्याने विडी सोडली' असेही म्हणतो. हे प्रकरण मराठीत आणताना या दोन क्रियापदांपाशी प्रस्तुत अनुवादक बराच वेळ थबकला. पहिल्या वाक्यात विडी फळासारखी आपोआप गळून पडते, दुसऱ्यात सारा भार एकट्या मनुष्यावर येतो. चिकित्सालयात प्रत्यक्षात जे घडते ते या दोहोंच्या मधले असते, आणि त्यासाठी आपल्या भाषेत अद्याप सुटसुटीत शब्द नाही.

जयपुरात अशा चिकित्सेची सोय फार उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय यांनी २००२ साली देशात १३ तंबाखूमुक्ती चिकित्सालये सुरू केली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यांत होते, तसेच जयपूरचे भगवान महावीर कर्करोग रुग्णालयही होते. येथे येणाऱ्यास पहिला प्रश्न 'किती ओढता?' असा नसतो, निदान नसावा. तो असा असतो : 'सकाळी उठल्यानंतर पहिली विडी किती वेळाने ओढता?' स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ फागरस्ट्रॉम यांनी १९७८ साली व्यसनाची तीव्रता मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या आजच्या रूपात या प्रश्नाला मोठे वजन आहे. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत ज्याला ओढावे लागते, त्याचे शरीर रात्रभराच्या उपासाने कासावीस झालेले असते. अशा मनुष्यास बडीशेपेचा सल्ला देणे म्हणजे तापाने फणफणलेल्यास पंख्याने वारा घालण्यासारखे आहे.

याच ठिकाणी, 'मी च्युइंगगम खाऊन पाहिले, काही उपयोग झाला नाही' या तक्रारीचा उलगडा होतो. या औषधाचा इतिहास मनोरंजक आहे. १९६७ च्या सुमारास स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांच्या असे ध्यानात आले, की पाणबुडीवरील खलाशांना आत ओढण्यास मनाई असल्यामुळे ते तोंडात तंबाखू धरून वेळ निभावून नेतात. तेव्हा धुराविना केवळ निकोटीन देता आले तर? ओवे फेर्नो या रसायनशास्त्रज्ञाने त्यावरून चघळण्याची वडी सिद्ध केली आणि १९७८ साली ती स्वित्झर्लंडमध्ये प्रथम विक्रीस आली.

तिला च्युइंगगम म्हटले जाते हेच तिचे दुर्दैव म्हणावे लागेल, कारण लोक ती गोळी-चॉकलेटासारखी भराभर चावतात. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते. तेथे त्याचा फारसा उपयोग तर होत नाहीच, उलट मळमळ, उचकी व छातीत जळजळ सुरू होते, आणि मनुष्य दुसऱ्या दिवशी पाकीट टाकून देतो. योग्य रीत अशी आहे : वडी सावकाश, काही वेळाच चावावी. जिभेला झणझणीतपणा जाणवला की ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी. झणझणीतपणा मंदावला की पुन्हा थोडी चावावी आणि जागा बदलून ठेवावी. हे अर्धा तास चालू ठेवावे. वडी घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये, कारण आम्लामुळे निकोटीन तोंडातून शोषले जात नाही. थडीवर चहाचा घोट घेत घेत वडी चघळणाऱ्या कामगारास तिचा गुण येत नाही, यात नवल ते कोणते!

मात्रेचाही प्रश्न आहेच. या वड्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या मिळतात. उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्यास सामान्यतः ४ मिलिग्रॅमची लागते, पण तो २ मिलिग्रॅमची आणतो आणि दिवसाला दोन-तीनच खातो. शिवाय आठवड्याभराने बरे वाटू लागताच थांबतो. वास्तविक हा उपचार आठ ते बारा आठवड्यांचा आहे. त्वचेवर लावावयाची निकोटीनची पट्टी दिवसभर संथपणे औषध पुरवते, आणि अवचित उसळणाऱ्या तल्लफेसाठी वडी हाताशी ठेवता येते. एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या वडीपेक्षा ही जोडी अधिक गुणकारी ठरली आहे. तात्पर्य, ज्याला आपण 'फसलेला उपाय' म्हणतो, तो पुष्कळदा अर्धवट केलेला उपाय असतो.

निकोटीनविरहित औषधेही आहेत. ब्युप्रोपिऑन हे मूळचे विषण्णतेवरील औषध अमेरिकेत १९९७ पासून या कामी वापरात आले. अपस्माराच्या रुग्णास ते देत नाहीत. २००६ साली व्हॅरेनिक्लिन आले. ते मेंदूतील निकोटीनच्याच जागी जाऊन बसते, त्यामुळे तल्लफ कमी होते आणि ओढलेल्या विडीतही पूर्वीची गोडी राहत नाही. विडी बंद करण्याच्या दिवसापूर्वी एक आठवडा ते सुरू करतात आणि बारा आठवडे देतात. त्याच्या मानसिक दुष्परिणामांबद्दल पूर्वी बरीच भीती होती, परंतु आठ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती खरी ठरली नाही. उलट पट्टी व ब्युप्रोपिऑन या दोहोंपेक्षा ते अधिक परिणामकारक दिसले. सिटिसिन नावाचे एक जुने वनस्पतिजन्य औषध बल्गेरियात १९६४ पासून वापरात आहे. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

आता एका अशा अडचणीविषयी, जिची पुस्तकांतून फारशी वाच्यता होत नाही, पण जी प्रत्यक्षात कित्येक निर्धार सकाळी सहा वाजता मोडून टाकते. 'विडीशिवाय पोट साफ होत नाही' ही सबब नव्हे. निकोटीनमुळे मोठ्या आतड्याची हालचाल खरोखरच वाढते, आणि ते थांबले की काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते. तिसऱ्या दिवशी पोट फुगलेला मनुष्य आरोग्याच्या नावाखालीच विडी पेटवतो. यावर उपाय अगदी साधे आहेत. सोडण्याच्या आधीच्या आठवड्यापासून रात्री इसबगोल घ्यावे, सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्यावे, जेवणात पालेभाजी व कोंड्यासकट पिठाची भाकरी असावी आणि थोडे चालावे. दोन-तीन आठवड्यांत आतडी बहुधा नव्या रीतीला सरावतात. हे आधी सांगितले गेले असते, तर कित्येकांचे प्रयत्न वाचले असते.

दुसरी गफलत आपल्याकडे फार होते, ती म्हणजे विडी सोडून जर्दा किंवा गुटखा धरण्याची. धूर बंद झाला म्हणून घरचे आनंदतात. पण तोंडाच्या कर्करोगाचे दार त्याच वेळी उघडलेले असते आणि निकोटीनची गुलामी होती तशीच राहते. राजस्थान व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरीही ही अदलाबदल थांबलेली नाही. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा मार्ग काही देशांत सुचवला जातो. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन व विक्री यांवर बंदी आहे, म्हणून तिचा विचार येथे करावयास नको.

औषध शरीराची तक्रार शमवते. थडीचे काय करावयाचे, हे मात्र औषध सांगत नाही. ज्या बाकावर वीस वर्षे विडी ओढली, तो बाक पाहताच तल्लफ जागी होते. ती अनावर वाटली तरी बहुधा काही मिनिटांतच ओसरते. ही मिनिटे कोठे काढावयाची, हे आधी ठरवून ठेवावे लागते. पहिले तीन आठवडे चहा कारखान्यातच घ्यावा, दुसऱ्या वाटेने घरी जावे आणि दोन सोबत्यांना 'मला विडी पुढे करू नका' असे स्पष्ट सांगावे. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण पुढे केलेली विडी नाकारणे म्हणजे स्नेह नाकारणे, असे वाटण्याचा संभव असतो. म्हणून ते त्या क्षणी न सांगता आधीच, हात मोकळे असताना सांगावे.

हळूहळू कमी करीत जावे की एका दिवसात बंद करावे, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ठरलेल्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनंतर ४९ टक्के टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तथापि, ज्याचे एकदम बंद करण्याचे प्रयत्न चार-पाच वेळा फसले आहेत, त्याने औषध सुरू ठेवून क्रमाने कमी करण्याचा मार्ग अवश्य पाहावा. तोही फुकट जात नाही.

चिकित्सालय दूर असेल, किंवा तेथे जाण्यासाठी रोजगार बुडवणे शक्य नसेल, तर दूरध्वनीचा मार्ग आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत २०१६ साली राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्य सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १८००-११२-३५६ असा असून त्यास पैसे पडत नाहीत. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राकडेही हे काम आल्याने मराठीतून बोलण्याची सोय झाली. हा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवरच छापला जातो. वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असावा, या नियमाच्या अंमलबजावणीसाठी राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली आदेश दिला होता आणि एप्रिल २०१६ पासून तो नियम देशभर लागू झाला.

उशीर झाला, आता सोडून काय मिळणार, असे पन्नाशीचा मनुष्य विचारतो. ब्रिटिश डॉक्टरांचा जो अभ्यास १९५१ पासून पन्नास वर्षे चालला, त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी १० वर्षे परत मिळाल्याचे दिसले.

आणि पुन्हा घसरण झाली तर? त्याच दिवशी एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : पहिली विडी किती वाजता ओढली, कोठे ओढली आणि त्या दिवशी औषध घेतले होते की नाही. एक विडी ओढली म्हणून उरलेला जुडगा संपवण्याचे कारण नाही, आणि पट्टी किंवा वडीही बंद करू नये. पुढच्या भेटीस जाताना हा कागद बरोबर न्यावा. मात्रा वाढवावयाची, औषध बदलावयाचे की घरी जाण्याची वाट, हे डॉक्टरांना त्यावरूनच ठरवता येते.