बॅडमिंटन : मागचे कोर्ट गाठण्याचे पदलालित्य



बॅडमिंटन हा मनगटाचा खेळ आहे, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. फटका मनगट मारते; पण त्या फटक्यासाठी खेळाडूला योग्य जागी नेतात ते त्याचे पाय. मागच्या रेषेजवळ उंच शटल आले की पायांची खरी परीक्षा होते.

या खेळाचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत. 'पूना' या नावानेही तो ओळखला जाई. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकर यांनी 1956 साली क्वालालंपूर येथे सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होत.

आता पावलांचा हिशेब पाहू. कोर्टची लांबी 13.40 मीटर, म्हणजे आपल्या वाट्याला 6.70 मीटर. आपल्या बाजूच्या मध्यावर उभे राहिल्यास मागची रेषा सुमारे सव्वातीन मीटरवर असते. हे अंतर दोन-तीन पावलांचे आहे. तरीही नवशिका उशिरा पोहोचतो, कारण तो नेटकडे तोंड ठेवून उलटा पळतो. त्यात वेग कमी पडतो, तोल जातो आणि शटल डोक्यामागे राहते. मग कितीही जोर लावला तरी फटका कमकुवतच होतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने पुढील क्रम पाळावा. (डावखुऱ्यांनी पाय व बाजू उलट समजाव्यात.)

1) तयारी : प्रतिस्पर्धी फटका मारतो त्याच क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उडी घ्यावी. गुडघे किंचित वाकलेले व टाचा हलक्या असाव्यात.

2) वळण : उजवा पाय मागे टाकून कंबर व खांदे वळवावेत. डावा खांदा नेटकडे यावा आणि डावा हात शटलच्या दिशेने वर जावा.

3) सरक : डावा पाय उजव्याजवळ आणून उजवा पुन्हा मागे टाकावा. नजर शटलवरच ठेवावी. शटलच्या थोडे मागे पोहोचणे महत्त्वाचे.

4) कात्री : उजव्या पायावर जोर देऊन उडी घ्यावी व हवेत पायांची अदलाबदल करावी. शटल डोक्याच्या किंचित पुढे, उंचावर मारावे. डावा पाय मागे टेकेल, उजवा पुढे येईल.

5) परती : डावा पाय टेकताच त्याच्याच रेट्याने मध्याकडे निघावे. फटका पाहत उभे राहणाऱ्याला पुढचे शटल मिळत नाही.

डाव्या कोपऱ्यात शटल आल्यास शरीर अधिक वळवून, तिरके मागे जाऊन डोक्यावरून फोरहँडनेच मारावे. उशीर झाला असेल तर नेटकडे पाठ करावी, शेवटचे पाऊल उजव्या पायाचे टाकावे व बॅकहँड मारावा.

राई, मुर्धा, मोर्वा परिसरातील प्रत्येक मुलाला बंदिस्त कोर्टचे भाडे आणि पिसांच्या शटलचा खर्च परवडेलच असे नाही. पायांच्या सरावाला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. सपाट, कोरड्या जागेवर खडूने मध्य व मागचे दोन कोपरे आखावेत. प्रथम संथपणे, क्रम चुकू न देता चालावे. नंतर वीस सेकंद सराव व तेवढीच विश्रांती, अशा सहा फेऱ्या कराव्यात. बूट रबरी तळाचे असावेत. सिमेंटवर उड्या कमी घ्याव्यात. गुडघा दुखू लागल्यास थांबावे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने महागड्या रॅकेटचा हट्ट धरला तर आधी त्याची पावले पाहावीत. साध्या रॅकेटने खेळणारा मुलगा शटलमागे वेळेवर पोहोचत असेल, तर महागडी रॅकेट घेऊन उशिरा पोहोचणाऱ्याला तो नक्कीच जड जाईल.